सही कुणाची? उपचार, आधार आणि निवडीच्या हक्काचा आढावा

फेब्रुवारी १९९४मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींचे गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण दिलं गेलं ते मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं. मुलींना ती राखता येत नाही, सांभाळणारे हात अपुरे आहेत, त्यापेक्षा हा त्रासच कायमचा मिटवलेला बरा, असा तो हिशेब होता. स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले, गदारोळ झाला, पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळची वृत्तपत्रं चाळली तर एक गोष्ट लक्षात येते. शस्त्रक्रियेचं समर्थन करणारे आणि विरोध करणारे, दोघेही मुलींच्या हिताबद्दलच बोलत होते. मुली स्वतः त्या चर्चेत कुठेच नव्हत्या.

आज तीस वर्षांनंतर कायदा पार बदलला आहे. अपंग व्यक्तीच्या शरीराबद्दल, उपचारांबद्दल, राहण्याच्या जागेबद्दल तिला विचारल्याशिवाय निर्णय घेता येत नाही, असं किमान कागदावर तरी आहे. मात्र ‘विचारायचं’ म्हणजे नेमकं काय करायचं, तिला उत्तर देणं जड जात असेल तर मदत कोणी करायची आणि तिचं उत्तर घरच्यांना किंवा डॉक्टरांना पटलं नाही तर पुढे काय, यावर एकमत नाही. हा वाद आता कुठे उभा आहे, ते पाहू.

पालकत्वाचा जुना साचा

भारतीय करार कायदा १८७२चा. करार करणाऱ्याचं मन ठिकाणावर असलं पाहिजे, ही अट तेव्हापासूनची. १९१२चा ‘लुनसी अॅक्ट’ मनोरुग्णांना समाजापासून दूर ठेवण्याच्या दृष्टीने लिहिलेला होता. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने भाषा सुधारली, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने किंवा नातेवाइकांच्या अर्जावरून दाखल करण्याची वाट तशीच राहिली. रुग्णाच्या स्वतःच्या म्हणण्याला त्यात फारसं वजन नव्हतं.

१९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा पालकांच्या रेट्यातून आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. मग बँकेत खातं, घराची वाटणी, शस्त्रक्रियेची संमती, सगळंच अडतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती नेमली जाते आणि ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. या कायद्याचं सोळावं कलम मुळातून वाचण्यासारखं आहे. नियुक्त पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करायचा. हिशेब मागितला आहे तो मालमत्तेचा. वर्षभरात त्या व्यक्तीला किती वेळा, काय विचारलं आणि तिने काय सांगितलं, याचा हिशेब द्यावा लागत नाही. कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हा धोका कुठे दिसत होता, हे यावरून कळतं: भावंडं जमीन लाटतील, ही भीती खरी होती. माणसाचं म्हणणंच लाटलं जाईल, याचा विचार तेव्हा झालेला नव्हता.

बाहेर तो विचार बराच आधी सुरू झाला होता. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे १९७२मध्ये एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी ‘स्वतंत्र जीवन केंद्र’ सुरू केलं. पोलिओमुळे रॉबर्ट्स यांना श्वासासाठीही यंत्र लागायचं. सगळी कामं स्वतःच्या हाताने करणं म्हणजे स्वातंत्र्य, हे त्यांना मान्य नव्हतं. मदतनीस कोण, तो केव्हा येईल आणि काय करेल हे आपण ठरवणं, ही त्यांची स्वातंत्र्याची कल्पना. ब्रिटनमध्ये माइक ऑलिव्हर यांनी १९८०च्या दशकात ‘सामाजिक प्रारूप’ ही मांडणी रुजवली. माणसाला अडवतं ते त्याच्या शरीरातल्या कमतरतेपेक्षा समाजाने उभारलेले अडथळे, असा तिचा रोख. भारतात त्याच जातीच्या रेट्याने जावेद अबिदी आणि इतरांनी १९९५चा पहिला अपंग व्यक्ती कायदा संसदेकडून करवून घेतला. तो प्रामुख्याने शिक्षण, नोकरी आणि आरक्षणाचा होता. निर्णयक्षमतेचा प्रश्न त्यात आलाच नाही.

तीन कायदे आणि एक निकाल

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि भारताने तो १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. या वादाच्या मुळाशी त्याचं बारावं कलम आहे. अपंग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरण्यासाठी लागणारा आधार राज्याने पुरवायचा आहे, असं ते सांगतं. २०१४मध्ये कराराच्या समितीने या कलमाचा अर्थ आणखी पुढे नेला: दुसऱ्याने ठरवण्याची पद्धत पूर्ण बंद करा, ‘सर्वोत्तम हित’ हा निकष सोडा, व्यक्तीची इच्छा कळत नसेल तर तिच्या आयुष्यावरून तिचा सर्वांत जवळचा अर्थ लावा.

भारतात पहिली कसोटी लागली ती २००९मध्ये. चंडीगडमधल्या शासकीय आश्रयगृहात राहणारी, सौम्य मतिमंदत्व असलेली एक तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली आणि उच्च न्यायालयाने ती दिली. तिला मात्र मूल हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ‘सुचिता श्रीवास्तव’ निकालात उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. वैद्यकीय गर्भपात कायद्यात पालकाच्या संमतीची तरतूद ‘मनोरुग्ण’ स्त्रीसाठी आहे, त्यात मतिमंद स्त्री येत नाही आणि म्हणून तिची स्वतःची संमती हवी, असं न्यायालय म्हणालं. निकाल महत्त्वाचा खराच. पण त्याच निकालाच्या आधाराने मानसिक आजार असलेल्या स्त्रीचं काय, हा प्रश्न उघडाच राहतो.

त्यानंतर दोन मोठे कायदे आले. २०१६चा दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ रोजी अमलात आला आणि अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. त्याचं दहावं कलम व्यक्तीच्या मुक्त आणि माहितीपूर्ण संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करायला मनाई करतं. शिरूरच्या प्रकरणाला कायद्याने दिलेलं हे उशिराचं उत्तर म्हणता येईल. चौदाव्या कलमाने ‘मर्यादित पालकत्व’ आणलं: विशिष्ट निर्णयापुरतं, विशिष्ट काळापुरतं, परस्पर विश्वासाने आणि व्यक्तीच्या इच्छेनुसार. इतर कायद्यांखाली आधी नेमलेले पालकही यापुढे मर्यादित पालकच समजायचे, असंही तिथे लिहिलं आहे.

दुसरा २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तत्कालीन आरोग्य सचिव केशव देसिराजू यांनी त्याच्या घडणीत पुढाकार घेतला आणि मसुद्याच्या कामात पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाथरे यांचा मोठा वाटा होता. कोणत्याही सज्ञान व्यक्तीला ‘आगाऊ निर्देश’ लिहून ठेवता येतो: मी आजारी पडलो तर अमुक उपचार करा, तमुक करू नका, माझ्या वतीने अमक्याला विचारा. साखळदंडाने बांधणं, भूल न देता विजेचे झटके देणं, उपचार म्हणून नसबंदी करणं यांवर बंदी आली. २००१मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीच्या आश्रमाला आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ जण जळून मेले होते. ते चित्र कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

कोण काय म्हणतं

या कायद्यांबद्दलच्या भूमिका साधारण चार बाजूंनी येतात. त्यांतली एकही पोकळ नाही.

पहिली बाजू स्वतः मानसोपचार व्यवस्थेतून गेलेल्यांची. महाराष्ट्रात ती सर्वांत ठामपणे मांडली भार्गवी दावर यांनी. आईला मनोरुग्णालयात कसं वागवलं गेलं ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. आईच्याच नावाने त्यांनी १९९९मध्ये पुण्यात ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला आणि २०२४मध्ये निधन होईपर्यंत त्या या प्रश्नावर आशियाभर बोलत राहिल्या. त्यांचा आक्षेप २०१७च्या कायद्याच्या मुळावरच होता. कलम ८९नुसार व्यक्तीच्या मर्जीविरुद्ध तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. पूर्वी त्याला सक्तीने भरती म्हणत, आता ‘आधारासह भरती’ म्हणतात, पण दरवाजा बाहेरूनच बंद होतो, असं या बाजूचं म्हणणं. त्यांच्या मते मनोरुग्णांसाठी वेगळा कायदा असणं हाच भेदभाव आहे. २०१९मध्ये भारताच्या आढाव्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही पालकत्वाचे कायदे रद्द करण्याची शिफारस केली, तेव्हा या बाजूला बळ मिळालं. टीका करून ही मंडळी थांबली नाहीत. पुण्याच्या वस्त्यांमध्ये ‘सेहर’ या उपक्रमातून भरतीशिवाय, शेजारपाजाराच्या मदतीने संकट कसं हाताळता येतं, याचं कामही त्यांनी उभं केलं.

दुसरी बाजू हक्काच्या चौकटीत राहून सुधारणा करू पाहणाऱ्यांची. सक्ती पूर्ण संपवणं आज शक्य नाही, पण ती अपवाद करता येते, तिला मुदत घालता येते, तिच्यावर बाहेरच्यांची देखरेख ठेवता येते, असं ते म्हणतात. कलम ८९खाली भरतीसाठी दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायचं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत आणि इतरांबाबत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं, ही त्या देखरेखीची रचना. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज झ्मुकलर आणि सहकाऱ्यांनी सुचवलेला मार्ग याच्या जवळचा आहे: निदान काय आहे ते न पाहता, कोणत्याही आजारात त्या क्षणी निर्णयक्षमता आहे की नाही एवढंच पाहावं. उत्तर आयर्लंडने २०१६चा कायदा त्या धर्तीवर केला.

तिसरी बाजू मानसोपचारतज्ज्ञांच्या मोठ्या वर्गाची. कायदा श्रीमंत देशांतल्या व्यवस्थेसाठी लिहिल्यासारखा आहे, ही त्यांची मुख्य तक्रार. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. जिथे डॉक्टरच नाही तिथे मंडळं, नोंदण्या आणि नमुने भरण्यात वेळ गेला तर तोटा रुग्णाचा, असं ते म्हणतात. त्यांच्या आक्षेपात एक बारकावाही आहे. निर्णयक्षमता ठरवण्यासाठी चौथ्या कलमात तीन गोष्टी दिल्या आहेत: माहिती समजणं, परिणाम ओळखणं, निर्णय कळवता येणं. त्यांच्यामध्ये ‘आणि’ नसून ‘किंवा’ आहे. म्हणजे नुसता निर्णय बोलून दाखवता आला तरी क्षमता मानायची का? कायद्याचा शब्द तसं सुचवतो आणि दवाखान्यात पहाटे तीन वाजता, आपल्याला कुणी विष घालतंय असं ठामपणे सांगणाऱ्या तरुणासमोर उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला त्यातून वाट दिसत नाही.

चौथी बाजू कुटुंबांची आणि तीच सर्वांत कमी नीट ऐकली गेली आहे, असं माझं मत. आपल्याकडे मानसिक किंवा बौद्धिक अपंगत्व असलेली बहुतेक माणसं घरातच राहतात. आई, बहीण, बायको त्यांना सांभाळतात. त्यासाठी त्यांना पगार नाही, सुट्टी नाही. धुळ्याकडचे आणि पुढे कॅनडात प्राध्यापक झालेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४च्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. त्या चित्रपटात भावाच्या आजाराइतकाच बहिणीचा थकवाही दिसतो. कुटुंबांचं म्हणणं असं की नव्या कायद्याने आमच्याकडे संशयाने पाहिलं. ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ रुग्णाने निवडायचा आणि तो घरचा असेलच असं नाही. मग रात्री दार फोडणाऱ्या मुलाला आवरायचं कोणी? आणि या सगळ्याच्या मागे तो कायमचा प्रश्न: आमच्यानंतर याचं काय? त्याला हक्कवाद्यांनी ‘सामाजिक आधार’ असं उत्तर दिलं आहे, पण तो कोण देणार हे मात्र मोघमच ठेवलं आहे.

निवडायला आहे काय?

संमतीच्या वादात एक गोष्ट मागे पडते. नकार देण्याचा हक्क मिळाला तरी समोर एकच पर्याय असेल तर निवड कशाची करायची?

महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बरे होऊनही घरी न नेलेल्या माणसांचा प्रश्न डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयात आला. देशातल्या ४३ शासकीय मनोरुग्णालयांच्या, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ३६ टक्के निवासी एक वर्षाहून जास्त काळ तिथेच होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये अशांच्या पुनर्वसनाचे आदेश दिले होते. २०१७च्या कायद्याचं कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं. प्रत्यक्षात घरचे पत्ता बदलून गेलेले असतात आणि रुग्णालय व घर यांच्या मध्ये राहता येईल अशी जागा फार थोड्या ठिकाणी आहे.

शारीरिक अपंगत्वाचीही तीच गत. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून १९८१पासून व्हीलचेअर, श्रवणयंत्रं, कृत्रिम अवयव दिले जातात, बहुतेकदा शिबिरांत. मंडपात खुर्च्यांची रांग, पाहुण्यांचं भाषण, छायाचित्र आणि एकाच मापाची खुर्ची. चार पायऱ्यांच्या चाळीत राहणाऱ्यालाही तीच आणि शेतातून वाट काढणारीलाही तीच. ती घेणाऱ्याची हरकत नोंदवण्याची जागा अर्जात नसते. फुकट मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवायची, या संकोचात माणूस ती घरी नेतो आणि कोपऱ्यात उभी करतो.

ब्रिटनने १९९६च्या कायद्याने उलट वाट धरली: सेवा देण्याऐवजी पैसे थेट व्यक्तीच्या हाती द्यायचे, मदतनीस तिने नेमायचा. अनुभव संमिश्र आहे. इंग्लंडमधल्या १३ स्थानिक प्राधिकरणांत वैयक्तिक निधीचा प्रयोग झाला, त्याचं मूल्यमापन २००८मध्ये आलं. मानसिक आरोग्य सेवा वापरणाऱ्यांना फायदा दिसला. वृद्धांना मात्र ही व्यवस्था सांभाळण्याचा ताणच झाला. शिवाय निवड ही निधीवर अवलंबून असते. तीव्र अपंगत्व असलेल्यांसाठी १९८८पासून चालणारा ‘इंडिपेंडंट लिव्हिंग फंड’ जून २०१५मध्ये बंद झाला तेव्हा तिथल्या अपंगांनी त्याविरुद्ध जोरदार लढा दिला होता.

आपल्या २०१६च्या कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळची ‘आश्वासकिरणम्’ योजना घरी सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये देते. रक्कम मदतनीस ठेवण्याजोगी नाहीच, पण घरातल्या कष्टाची सरकारदरबारी नोंद झाली, एवढं तरी त्यातून साधतं.

बाजू मांडणारा कोण

इंग्लंडमध्ये निर्णयक्षमता नसलेल्या आणि जवळचं कुणी नसलेल्या व्यक्तीसाठी २००५च्या कायद्याने स्वतंत्र पक्षकर्ता नेमला जातो. तो रुग्णालयाचा नोकर नसतो आणि नातेवाईकही नसतो. स्वीडनमध्ये २०००पासून ‘पर्सनल ओम्बुड’ ही व्यवस्था कायम झाली: गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाने सांगितलं तरच काम करायचं, त्याला नको असलेली कोणतीही गोष्ट करायची नाही. विश्वास बसायला महिने लागले तरी थांबायचं, हा तिथला रिवाज.

आपल्याकडे असं पद नाही. पुनर्विलोकन मंडळात रुग्ण किंवा त्यांना सांभाळणारे किंवा संस्थांचे प्रतिनिधी यांच्यासाठी दोन जागा आहेत, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळू शकतो. पण वकील लागतो वाद न्यायालयात गेल्यावर. वॉर्डात गोळ्यांबद्दल शंका विचारणं, डिस्चार्ज का लांबतोय ते विचारणं, हे काम रोजचं आहे आणि ते करणारा पगारी माणूस कुठेही नाही. या संपूर्ण विषयातली ही सर्वांत मोठी पोकळी आहे असं मला वाटतं. बाकीचे बरेच वाद तिच्यामुळेच चिघळतात. ‘आधारासह निर्णय’ म्हणायचं आणि आधार देणारा नेमायचा नाही, तर डॉक्टर आणि कुटुंब आपापल्या परीने ती जागा भरणारच.

काय सुटलेलं नाही

कायदे एकमेकांशी जुळत नाहीत. २०१६चा कायदा क्षमता गृहीत धरतो, तर करार कायदा, हिंदू विवाह कायदा आणि १९५०चा लोकप्रतिनिधित्व कायदा अजून ‘मन ठिकाणावर नसण्या’च्या भाषेत बोलतात. खुद्द २०१६च्या कायद्यात अंतर्विरोध आहे. दहावं कलम स्त्रीची संमती मागतं आणि ९२व्या कलमात तीव्र अपंगत्व असलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी डॉक्टरचं मत आणि पालकाची संमती पुरेशी मानली आहे. चौदाव्या कलमातही ‘संपूर्ण आधार’ ही पळवाट आहे. ती किती वेळा वापरली जाते यावर पुढचा बराच वाद ठरेल.

बेशुद्धावस्थेत असलेल्या माणसाबद्दल कायद्यात सलग तरतूद नव्हती. केरळ उच्च न्यायालयाने २०१९मध्ये अशांच्या पालकनियुक्तीसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. इच्छा जाणून घेण्याचा कोणताच मार्ग नसेल तिथे ‘इच्छेचा अर्थ लावणे’ आणि ‘हित पाहणे’ यांत व्यवहारात किती फरक उरतो, यावर तत्त्वचिंतकांतही एकमत नाही.

पालकत्व पूर्ण रद्द करण्याचे प्रयोग सुरू आहेत. पेरूने २०१८मध्ये आणि कोलंबियाने २०१९मध्ये तसे कायदे केले. आयर्लंडचा २०१५चा आधारासह निर्णयाचा कायदा एप्रिल २०२३मध्ये अमलात आला. या देशांचा अनुभव काही वर्षांत हाती येईल, तोवर ‘हे अशक्य आहे’ किंवा ‘हे सोपं आहे’ असं दोन्ही बाजूंनी छातीठोक सांगणं घाईचं ठरेल.

महाराष्ट्रापुरतं पाहायचं तर पुढच्या काळात तीन गोष्टींवर लक्ष ठेवावं: पुनर्विलोकन मंडळं नियमित बसतात का, स्थानिक स्तर समित्या मर्यादित पालकत्व देतात की जुनंच पूर्ण पालकत्व नव्या नावाने, आणि मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्यांसाठी घरं उभी राहतात का. आणि एक गोष्ट वाचकाच्या स्वतःच्या हाती आहे. आगाऊ निर्देश लिहायला आजारी असण्याची अट नाही. सज्ञान कोणीही तो आजच लिहून मंडळाकडे नोंदवू शकतो.